आजीचा बागुलबुवा

प्रिय मनू,

तुझा व्हॉइस मेसेज रात्रपाळीवरून परतताना मेट्रोत ऐकला. मामी युनिफॉर्मच्या कारखान्यात गेली की आजी बाळाला झोळीत घालते आणि म्हणते, "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल." एवढी मायेची आजी तान्ह्याला घाबरवते कशाला, आपल्यात असंच असतं का, असं तू विचारलंस.

आपल्यातच नाही गं. इथं माद्रिदला माझ्यासोबत कोलंबियाची एक बाई काम करते. तिनं मला तिकडची एक लोकअंगाई ऐकवली, 'दुएर्मे नेग्रितो'. म्हणजे 'झोप रे काळ्या बाळा'. अर्जेंटिनाच्या आताउआल्पा युपान्की या गायकानं ती कोलंबिया-व्हेनेझुएलाच्या सीमेवर ऐकली आणि सगळीकडे पोचवली. बाळाची आई शेतात राबायला गेलीय. येताना ती फळं आणेल, खाऊ आणेल. पण झोपला नाहीस, तर गोरा सैतान येऊन तुझा पाय खाईल! पुढं कळतं, आई खोकत खोकत राबतेय आणि तिला मजुरीही मिळत नाही.

हे गाणं आई म्हणत नाहीये, मनू. आई तर शेतात आहे. घरी बाळ सांभाळणारी कुणीतरी म्हणतेय. आणि सैतान गोराच का? आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या पिढ्या त्या मुलुखात राहतात. त्यांच्या पणज्यांनी चाबूक पाहिला तो गोऱ्या मालकाच्या हातात. मला वाटतं, ती बाई स्वतःच्या पोटातली भीती गाण्यात ओतते.

आजीचंही तसंच होतं. तुझा मामा झोळीत होता तेव्हा आजी बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. हात वळायचे, पाय झोका द्यायचा. हजार बिड्या भरायच्या असायच्या, त्यातही छाट, म्हणजे नापास बिड्या, निघाली की तेवढे पैसे गेले. मामा रडून उठला की हात थांबायचे. बागुलबुवा तेव्हाच यायचा, एरवी कधी नाही.

एरवी होतं 'जो जो रे'. शेजारच्या पद्मशाली अक्का तेलुगूत म्हणायच्या, पलीकडच्या अज्जी कन्नडमध्ये. बाकीचे शब्द मला कळायचे नाहीत, 'जो जो' मात्र तिन्ही घरांत तेच. दुपारी गल्लीत सगळ्या झोळ्यांच्या दोऱ्या एकदम करकरायच्या.

आता एक काम कर. आजी बाळाला सांगते ना, आई येताना हे आणेल, ते आणेल? मी इकडं आले तेव्हा तू चार वर्षांची होतीस, तुलाही ती असंच म्हणून झोपवायची. तेव्हा माझ्या नावावर तिनं काय काय कबूल केलंय, ते तिला विचार आणि मला लिहून पाठव. डिसेंबरात येताना बॅगेत जागा ठेवते.

तुझी,
आई