चाचणीतून बाहेर पडा, पण उपचाराचा हक्क सोडू नका

प्रश्न : माझं वय २७, एक मूल आहे. दुसऱ्या मुलाला अंतर हवं म्हणून एका रुग्णालयात तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलं. आधी पाच-सहा पानी फॉर्मवर माझी सही घेतली, वाचायला दिला नाही. दुसऱ्या इंजेक्शननंतर अंगावरून जाणं थांबेना. खासगी दवाखान्यात दाखल होऊन रक्त चढवावं लागलं. तेव्हा कळलं की हे इंजेक्शन नव्या औषधाच्या चाचणीतलं होतं. आता ‘सही केलीय, डोस पूर्ण करा, नाहीतर दिलेला प्रवासखर्च परत द्या’ म्हणतात. मी काय करू?

उत्तर : ताई, पुढचा डोस घ्यायची सक्ती तुमच्यावर कुणीही करू शकत नाही. चाचणीत भाग घेणं ऐच्छिक असतं आणि कारण न देता कधीही बाहेर पडता येतं. तसं केल्याबद्दल दंड नाही, त्यामुळे प्रवासखर्च परत मागण्यालाही आधार नाही. हे त्या फॉर्मवरच छापलेलं असायला हवं, कायद्याची तशी अटच आहे. भरलेल्या फॉर्मची प्रत तुम्हाला देणंही बंधनकारक होतं. ती लेखी मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी मागितलेलं नंतर कुणाला आठवत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. गोळी दुसऱ्या दिवशी बंद करता येते, पण टोचलेलं औषध परत काढता येत नाही. अशा औषधाचा असर काही महिने राहतो, बंद केल्यावर पाळी आणि गर्भधारणा पूर्ववत व्हायलाही वेळ लागतो. म्हणून नुसतं ‘मी चाचणी सोडते’ असं लिहून देऊ नका. ‘पुढचा डोस घेणार नाही, मात्र तपासण्या आणि उपचार चालू ठेवावेत’ असं लिहा. समोर ‘माझी काही तक्रार नाही’ असा छापील कागद आला तर त्यावर सही करायची नाही.

खर्चाचं पाहू. नव्या औषधाच्या चाचणीला २०१९ चे ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम’ लागू होतात. चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार द्यावे लागतात. ते गरज असेपर्यंत चालतात, किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही असं सिद्ध होईपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर. औषधामुळेच इजा झाली असेल तर नुकसानभरपाई वेगळी. ‘असा रक्तस्राव होतोच’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण औषधाचा दुष्परिणाम हे भरपाईचं कारण म्हणून नियमातच दिलेलं आहे.

निरोगी व्यक्तीला चाचणीदरम्यान दाखल व्हावं लागलं तर ती ‘गंभीर प्रतिकूल घटना’ ठरते. मुख्य संशोधक डॉक्टरांनी ती २४ तासांत केंद्रीय परवाना प्राधिकारी (म्हणजे औषध महानियंत्रक), चाचणी करवून घेणारी प्रायोजक कंपनी आणि एथिक्स कमिटी, म्हणजे चाचणीतल्या लोकांच्या हिताकडे लक्ष ठेवणारी समिती, यांना कळवायची असते. तुम्ही दाखल झालात दुसरीकडे, त्यामुळे ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हे उत्तर येणार असं धरून चला. डिस्चार्ज कार्ड, रक्तपेढीची पावती आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट जोडून आजच एथिक्स कमिटीला अर्ज द्या. एक प्रत दिल्लीला औषध महानियंत्रकांना स्पीड पोस्टाने पाठवा. भरपाईचा आदेश तेच काढतात आणि त्यानंतर ३० दिवसांत प्रायोजकाला पैसे द्यावे लागतात. मूळ कागद मात्र कुणाच्या हातात देऊ नका.

चाचणी आहे हेच सांगितलं नसेल तर संमती कसली? हा मुद्दा जुना आहे. ‘नेट-एन’ या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि इतर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हाही बायकांना नीट माहिती न देता इंजेक्शन दिल्याचीच तक्रार होती. तुमच्या अर्जात हा परिच्छेद स्वतंत्र लिहा : कुणी, कोणत्या तारखेला, काय सांगून सही घेतली. त्या दिवशी सोबत कुणी असेल तर त्यांचं नावही घाला.

सरकारी ‘अंतरा’ कार्यक्रमातलं गर्भनिरोधक इंजेक्शन ही चाचणी नव्हे, तिथे हे नियम लागत नाहीत. म्हणून फॉर्मची प्रत हाती येताच त्यावरचा सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक पाहा. तो असेल तर चाचणीची आणि प्रायोजकाची माहिती त्या नोंदवहीत कुणालाही पाहता येते. अर्जात तोच क्रमांक घाला.