‘पुरे’ म्हणण्याची भीती

कर्करोगाने गेलेल्या किंवा अजून उपचार घेत असलेल्या जिवलगाच्या नावाने निधी जमवणाऱ्या सायकल राईडमध्ये उतरू पाहणारी माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा सायकलविषयी ती फारसे बोलतच नाहीत. त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: “राईड पूर्ण करता आली नाही तर?” पूर्वी मला हा शरीराच्या तयारीचा प्रश्न वाटे आणि तो प्रशिक्षकावर सोपवून मी मोकळी होत असे. माझी ही समजूत चाळिशीतल्या एका बाईंनी मोडली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांचे वडील जाऊन दीड वर्ष झाले होते. 100 किलोमीटरच्या राईडसाठी त्यांनी नाव नोंदवले होते, वडिलांचे नाव जर्सीच्या पाठीवर छापायला दिले होते आणि परिचितांकडून देणग्याही जमवल्या होत्या. सराव मात्र अतिरेकी चालला होता. गुडघा सुजला तरी त्या थांबत नव्हत्या. “मागून येणाऱ्या मदतीच्या गाडीत मी चढणार नाही, मॅडम,” त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. “पाठीवर बाबांचं नाव असताना तर नाहीच.”

पुढच्या काही भेटी याच वाक्याभोवती फिरत राहिल्या. ‘तुम्हाला नक्की जमेल’ असा धीर देण्याचा मोह मी आवरला, कारण त्या धीराने त्यांची भीती खरीच ठरली असती. एके दिवशी त्यांनी फोनवर टेरी फॉक्सचे छायाचित्र दाखवले. कर्करोग संशोधनासाठी निधी जमवत, एका कृत्रिम पायाने धावत कॅनडा ओलांडण्यासाठी तो 12 एप्रिल 1980 रोजी पूर्व किनाऱ्यावरून निघाला होता. 143 दिवस आणि 5,373 किलोमीटर धावल्यावर कर्करोग फुप्फुसांत पोहोचल्याने त्याला थांबावे लागले.

“म्हणजे त्याची धाव अर्धवट राहिली?” मी विचारले.

“त्याचा नाइलाज होता, मॅडम.”

“आणि बाबांचा?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग कळले की शेवटच्या महिन्यांत वडिलांनी डॉक्टरांशी बोलून केमोथेरपी थांबवली होती आणि केवळ वेदना आटोक्यात ठेवणारे उपचार स्वीकारले होते. “ते म्हणाले, आता पुरे. आणि मी त्यांना म्हणाले, बाबा, तुम्ही हार मानताय. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललोच नाही.”

मदतीच्या गाडीची धास्ती कुठून आली, ते आता दोघींनाही दिसत होते. मी एवढेच म्हणाले, “बाबा ‘पुरे’ म्हणाले आणि तुम्ही राईड ‘पुरी’ करायची म्हणता. शब्द एकच आहे.”

“म्हणजे त्यांनी सोडलं नव्हतं,” त्या सावकाश म्हणाल्या. “त्यांचं झालं होतं.”

हे वाक्य मी सुचवले नव्हते, याचे समाधान मोठे आहे. तिथवरच्या वाटेत माझा हात होता, याचेही थोडे आहे.

गेलेल्या माणसाला मनातून सोडून देणे म्हणजेच दुःखातून बरे होणे, असे एके काळी मानले जाई. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या शोकाच्या अभ्यासकांनी 1996 मध्ये वेगळे मांडले: नाते संपत नाही, त्याचे रूप बदलते. मी त्याच मताची आहे आणि म्हणूनच अशा राईडला माझा मनापासून पाठिंबा असतो. मात्र ते नाते भांडणासकट, अपुऱ्या राहिलेल्या बोलण्यासकट सोबत घ्यावे लागते. राईडचे प्रायश्चित्त केले की प्रत्येक किलोमीटर दंडासारखा भरावा लागतो, आणि दंड कितीही भरला तरी ‘झाले, माफ केले’ म्हणणारे माणूस समोर नसते. त्यामुळे सरावाआधी ते राहून गेलेले वाक्य कागदावर उतरवावे, आणि कोणत्या दुखण्याला थांबायचे हे डोके शांत असताना, शक्यतो दुसऱ्या कुणाला साक्षी ठेवून, ठरवून टाकावे. देणगीदारांची चिंता नको. त्यांनी पैसे सहसा कामासाठी दिलेले असतात, तुमच्या गुडघ्यावर पैज लावलेली नसते.

ज्याच्या नावाने निघायचे ते माणूस अजून उपचार घेत असेल, तर नाव छापण्यापूर्वी त्याला विचारावे. ‘लढवय्या’ हे विशेषण अनेकांना नकोसे असते, आणि मलाही ते खटकते. आजाराला लढाई म्हटले की जो जातो तो हरला, हा अर्थ मागच्या दाराने आत येतोच. या बाईंच्या घरात तो तसाच आला होता.

राईडनंतर त्या भेटायला आल्या. 72 किलोमीटरवर गुडघ्याने साथ सोडली आणि त्या गाडीत चढल्या. चालकाने पाठीवरचे नाव वाचून हे कोण, असे विचारले. उरलेले 28 किलोमीटर त्या वडिलांविषयीच बोलत राहिल्या, आणि केमोथेरपी त्यांनी कधी व का थांबवली, हेही त्यांनी पहिल्यांदाच एका परक्या माणसाला सांगितले.