आजीचा आजार आधी आजीला सांग

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. आजीच्या स्तनात गाठ निघाली, बायोप्सीचा रिपोर्ट आला, कॅन्सर आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आजीला मात्र ‘साधी गाठ आहे, काढली की झालं’ एवढंच सांगितलंय. आणि वरून तू मला विचारतेस, ‘बाई, तिला पॉझिटिव्ह कसं ठेवायचं?’ अगं, जिला गणितच दाखवलं नाही तिच्याकडून उत्तराची अपेक्षा कशी करतेस?

सत्तरी ओलांडलेली बाई आहे ती. नवऱ्याचं आजारपण काढलं, घराचे कागद सांभाळले, दोन सुनांची बाळंतपणं केली. डॉक्टर आपल्याला बसवून मुलालाच आत का बोलावतात, आपण खोलीत आलो की फोनवरचं बोलणं का थांबतं, हे तिला कळत नाही असं वाटतं का तुला? कळलेलं असतं. फक्त आता तुमच्यासाठी न कळल्याचं सोंग तिला करावं लागतं, आणि भीती वाटली तरी ती कुणाजवळ बोलता येत नाही. मला हाच आजार झाला तेव्हा माझ्या मुलानंही हाच घाट घातला होता. त्याला म्हटलं, ‘काहून रे, वॉर्डाच्या दारावर एवढी मोठी पाटी आहे, माझा चष्मा काढून घेणार आहेस काय?’

सांगायचं म्हणजे सगळं एका बैठकीत तिच्या अंगावर ओतायचं नाही. दुपारी, घर शांत असताना, तिच्याजवळ बैस आणि आधी तिलाच विचार, ‘आजी, तुला काय वाटतं, काय झालंय?’ मग ती विचारेल तेवढंच, पण खरं सांग. ‘तुम्हीच बघा, मला काही सांगू नका’ असं ती म्हणाली, तर तोही तिचाच निर्णय. तोही मानायचा.

आता ते ‘पॉझिटिव्ह’. मला भेटायला येणारा प्रत्येक माणूस हा शब्द सोफ्यावर ठेवून जायचा. मनाच्या जोरावर गाठ विरघळते असं कुठल्याही अभ्यासात सिद्ध झालेलं नाही; रडल्यानं ती वाढते असंही नाही. मग आजारी माणसावर हसऱ्या तोंडाची सक्ती कशाला? ज्या दिवशी रडू येईल त्या दिवशी तिला रडू दे. मात्र दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवणावर वासना नाही, नातवंडांशीही बोलणं नाही असं दिसलं, तर ‘वय झालं, व्हायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा. उदासीवर औषध असतं आणि या वयातही ते लागू पडतं.

उभारी कशानं येते ते सांगते. घरात आपलं काम शिल्लक आहे, यानं येते. आजारी पडल्याबरोबर आपली माणसं प्रेमापोटी हातातली विळी काढून घेतात, किराण्याची यादी काढून घेतात, पैशाचं पाकीट काढून घेतात. माझी धाकटी जाऊ तर पूजेची फुलंही वेचू देईना! तुझ्या आजीच्या हातचं जे असेल ते तिच्याचकडे ठेव. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोट्टी लाकडी बैल घेऊन येतील तेव्हा बोजारा, म्हणजे पोरांच्या हातावरचे पैसे-खाऊ, तिनंच द्यायचा. उभं राहवत नसेल तर खुर्ची टाकून दे दाराशी.

उपचाराचंही तेच. ‘आता या वयात कशाला केमो?’ असं म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो, आणि ‘काहीही करा, पण करा’ म्हणणारा दुसरा. दोघांचंही ऐकू नका. नुसत्या वयावर हे ठरत नसतं. माणूस स्वतःचं स्वतः किती करतो, हृदय-मूत्रपिंड कसं आहे, साखर किती, यावर ठरतं. आजीच्या रिपोर्टात ईआर, पीआर (गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) असं लिहिलेलं असेल, ते डॉक्टरांकडून समजून घे. ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोन रोखणाऱ्या गोळीचा रस्ता असतो, आणि उतारवयात काहींचं केमोशिवायही भागतं. डॉक्टरांना आजीच्या समोर विचारा: हा उपचार बरं करण्यासाठी आहे की ताब्यात ठेवण्यासाठी? त्यात तिचं रोजचं जगणं किती बिघडेल? आणि नाही केला तर काय होईल? उत्तर ऐकताना डॉक्टरांची नजर मुलाकडे नको, आजीकडे हवी. नसेल तर तू खुर्ची सरकवून मागे बैस.

केमो ठरलाच तर घरात थर्मामीटर आण. ताप शंभर पॉइंट चारच्या वर गेला की सकाळची वाट बघायची नाही, क्रोसिन देऊन झोपवायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. केमोनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. माझं केमो नेमकं मे महिन्यात आलं. नागपूरचा मे तुला ठाऊक आहेच. कूलरशिवाय गत्यंतर नाही, पण त्यातलं पाणी साचू देऊ नका, टाकी घासून घ्या. डासांचं आजारपण त्या दिवसांत परवडत नाही. तोंड आलं की तिखट विसरायचं. मला तर संत्रंही झोंबायचं, नागपुरात राहून! मऊ खिचडी, आंबील, थोडं-थोडं, दिवसातून सहा वेळा. कुणी काढा, भस्म, कुठल्या बाबाची पुडी आणून दिली तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ देऊ नकोस.

ऑपरेशननंतर काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हात आखडतो. मला भिंतीशी उभं राहून बोटांनी वर चढत जायला सांगितलं होतं. मी खडूनं खुणा करायची. जन्मभर फळ्यावर लिहिलेल्या बाईला त्याची लाज कशाची! खांद्याच्या उंचीवर बरेच दिवस अडकले, मग वर सरकले. आता हार्मोनची गोळी चालू आहे. सकाळी उठल्यावर बोटं अशी ताठलेली असतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. या गोळीनं हाडंही विरळ होतात, म्हणून त्यांची तपासणी करायची, पडायचं नाही आणि चालायचं. थकवा आला की लोक झोपवून ठेवतात, पण या आजारातल्या थकव्यावर चालण्याचा चांगला उपयोग होतो. मी ट्रॅफिक पार्कपर्यंत जाते, बाकावर बसते, परत येते. शिवाय रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा. सांगायला क्षुल्लक वाटतं, पण एकदा खुब्याचं हाड मोडलं की कॅन्सर बाजूला राहतो.

शेजारीपाजारी पेला वेगळा ठेवतील. माझ्याकडे नात्यातल्याच एका बाईनं ठेवला होता. हा आजार शिवाशिवीनं लागत नाही हे शांतपणे सांग आणि तिच्याच पेल्यातून पाणी पी, म्हणजे विषय संपतो. मानेवाडा रस्त्यावरच्या कॅन्सर हॉस्पिटलला ज्यांचं नाव आहे ते तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कॅन्सरनंच गेले, हे आपल्या इथल्या कितीजणांना ठाऊक असतं? वाईट वागल्याची शिक्षा वगैरे कुणी बोललं तर एवढंच सांगायचं. वेटिंगमध्ये छिंदवाड्याची, बालाघाटची, गडचिरोलीची माणसं भेटतात. तोंडाचे पेशंट किती असतात ते बघवत नाही, आणि त्यांच्यासोबत आलेला पोट्टा बाहेर टपरीवर पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत उभा असतो. त्याला बोलल्याशिवाय मला राहवत नाही. माझी सून म्हणते, ‘आई, शाळा सुटली.’

पैशाचं थोडक्यात. सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. आधार कार्ड हाताशी ठेव. जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलला जा, सरकारी मेडिकल कॉलेजला जा की आणखी कुठे, आपला उपचार तिथे योजनेत बसतो का ते आधी विचार. बाहेरगावी दाखवायला न्यायचं झालं तर रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या माणसाला सवलत आहे. त्याचा फॉर्म हॉस्पिटलातून भरून घ्यायचा.

दुखणं सोसायचं नाही हे मात्र आजीला आणि बाबांना दोघांनाही बजाव. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ ही समजूत खोटी आहे. पॅलिएटिव्ह केअरवाले, म्हणजे त्रास कमी करणारे डॉक्टर उपचार चालू असतानाही बघतात, दुखणं, मळमळ, झोप सगळंच. लवकर गाठ त्यांना.

तू येत्या शनिवारी नागपूरला येतेयस ना, तर आजीशी बोलायचं काम बाबांवर टाकू नकोस, ते रडतील. माझा नंबर आजीला परस्पर देऊ नकोस. ‘बाईंना हेच झालं होतं, बोलायचंय का?’ असं विचार. हो म्हणाली तर दुपारी चारनंतर फोन लाव, त्याआधी मी झोपलेली असते.

तुझ्या
बाई