फिल्म बनवणाऱ्या कंपनीत हौशी छायाचित्रकारांशी संवाद साधण्याचे काम

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती जुन्या कॅमेऱ्यावर फिल्मने फोटो काढते, रोल घरीच धुते आणि त्याविषयी इंटरनेटवर लिहिते. फिल्म बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांमध्ये हौशी छायाचित्रकारांशी ऑनलाइन बोलणारी माणसे असतात, आपल्याला तेच काम करायचे आहे आणि त्यासाठी पदवी सोडून डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करायचा आहे, असे ती म्हणते. असे काम खरोखर असते का? तिला काय सल्ला द्यावा?
– एक पालक, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी म्हणते ते काम खरोखर आहे आणि ते चांगले काम आहे. मात्र त्यासाठी पदवी सोडण्याला माझा स्पष्ट विरोध आहे, कारण या कामात तिला पुढे नेणारी गोष्ट रसायनशास्त्र हीच आहे. असे मी का म्हणतो, हे समजण्यासाठी या कंपन्या हौशी मंडळींशी नेमके काय बोलतात आणि कशासाठी बोलतात, हे पाहावे लागेल.

इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यातील मॉबर्ली येथे इलफर्डच्या कृष्णधवल फिल्मचा कारखाना आहे. डिजिटल कॅमेऱ्यांमुळे मागणी कोसळल्यावर २००४ मध्ये ही कंपनी आर्थिक संकटात सापडून प्रशासकांच्या हाती गेली आणि २००५ मध्ये तिच्याच काही व्यवस्थापकांनी तो व्यवसाय विकत घेऊन हारमन टेक्नॉलॉजी या नावाने चालू ठेवला. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार आणि स्टुडिओ डिजिटलकडे गेल्यावर जो ग्राहक उरला, तो मुख्यतः देशोदेशी विखुरलेला हौशी छायाचित्रकार, कलाशाळांतील विद्यार्थी आणि घरी डार्करूम असलेला माणूस होता. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत सोपा मार्ग इंटरनेट हाच असल्याने कंपनीची जबाबदार माणसे तेथे स्वतःच्या नावाने उत्तरे देऊ लागली. इमल्शनचा, म्हणजे फिल्मवरील प्रकाशसंवेदी रसायनाचा, थर चढवणारे यंत्र मीटरभराहून रुंद आणि शेकडो मीटर लांब पट्ट्यावर चालते. ते सुरू केले की थोडाच माल काढून थांबणे परवडत नाही आणि तयार झालेल्या फिल्मला वापराची मुदत असते. त्यामुळे कोणाला काय हवे आहे, हे आधी कळणे कारखान्याच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे असते. मोठ्या आकाराच्या जुन्या कॅमेऱ्यांना लागणारी, एरवी दुकानात न मिळणारी शीट फिल्म (रोलऐवजी सुट्या पत्र्यांच्या रूपातील फिल्म) हे याचे उत्तम उदाहरण आहे. ही कंपनी अशा आकारांची मागणी वर्षातून एकदा, ठरावीक मुदतीत, विक्रेत्यांमार्फत गोळा करते आणि तेवढीच फिल्म त्या आकारांत कापून देते. येथे ग्राहकाशी बोलणे म्हणजे उत्पादनाचे नियोजनच आहे, आणि ज्याला कारखाना कसा चालतो हे ठाऊक नाही, त्याला ते करता येणार नाही.

तक्रारींच्या बाबतीत हे अधिकच खरे ठरते. काही वर्षांपूर्वी कोडॅकच्या १२० आकाराच्या काही रोलमध्ये, फिल्मच्या पाठीमागे असलेल्या संरक्षक कागदावरील आकडे आणि अक्षरे चित्रावर उमटू लागली. कोडॅकच्या फिल्म विकणाऱ्या कोडॅक अलारिस या कंपनीने बाधित रोलचे इमल्शन क्रमांक जाहीर केले आणि ग्राहकांकडून तपशील मागवून घेतला. अशा वेळी उत्तर देणाऱ्याला रोल कोणत्या तुकडीतला होता, तो उष्ण जागी राहिला होता का, फोटो काढल्यावर किती दिवसांनी धुतला आणि कोणत्या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) धुतला, हे क्रमाने विचारावे लागते; त्यातून दोष कारखान्याचा आहे, साठवणुकीचा आहे की धुण्याचा, याचा अंदाज बांधावा लागतो. समोरचा माणूस चिडलेला असतो, कारण पुन्हा न येणाऱ्या प्रसंगाचे फोटो त्याने गमावलेले असतात. मार्केटिंगच्या तीन महिन्यांच्या वर्गात याची तयारी होत नाही. प्रयोगशाळेत निरीक्षणे नोंदवण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याची मात्र ती निम्मी झालेलीच असते.

या कामाचा दुसरा गाभा म्हणजे वचन जपून देणे. २०१४ मध्ये इटलीतील फिल्म फेरानिया या कंपनीने जुन्या कारखान्याचा काही भाग पुन्हा सुरू करून रंगीत स्लाइड फिल्म बनवण्यासाठी लोकवर्गणीचे आवाहन केले. साडेपाच हजारांहून अधिक लोकांनी मिळून तीन लाख डॉलरहून जास्त रक्कम आगाऊ दिली. पुढे जुन्या इमारतीतील ॲस्बेस्टॉस काढण्यापासून अनेक अडचणी आल्या आणि २०१७ मध्ये जी फिल्म प्रथम बाहेर आली, ती पी-३० ही कृष्णधवल फिल्म होती. पैसे देऊन वाट पाहणाऱ्या हजारो लोकांना विलंबाची कारणे पुन्हा पुन्हा समजावून सांगणे हे ज्याच्या वाट्याला येते, त्याची कसोटी लागते. आपल्या मुलीला या क्षेत्राचे आकर्षण वाटत असेल, तर तिने ही बाजूही डोळ्यांसमोर ठेवावी.

याच्या उलट, हारमनने डिसेंबर २०२३ मध्ये फिनिक्स २०० ही पूर्णपणे स्वतः बनवलेली पहिली रंगीत फिल्म आणली, तेव्हा तिचे कण ठळक आहेत, कॉन्ट्रास्ट जास्त आहे आणि प्रखर प्रकाशाभोवती वलय दिसते, हे कंपनीने सुरुवातीपासून सांगितले आणि विक्रीतून आलेला पैसा पुढील सुधारणेत घालू असेही स्पष्ट केले. लोकांनी ती फिल्म वापरून आपले निष्कर्ष मांडले आणि २०२५ मध्ये तिची सुधारित आवृत्ती बाजारात आली. स्वतःच्या मालातील उणीव आधी सांगण्याचे हे धैर्य मला फार मोलाचे वाटते. ‘८००टी’ या फिल्मच्या नावावरील हक्कासाठी सिनेस्टिल या फिल्म कंपनीने २०२३ मध्ये लहान विक्रेत्यांना कायदेशीर पत्रे पाठवली, तेव्हा हाच फिल्मप्रेमी समुदाय किती तीव्रपणे नाराज झाला, हेही तिने अवश्य वाचावे.

कॅमेऱ्यांच्या बाजूला पेन्टॅक्सचा प्रकल्प अभ्यासण्याजोगा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पेन्टॅक्सची मालक कंपनी रिकोह इमेजिंगने नवा फिल्म कॅमेरा बनवता येईल का, याचा विचार सुरू असल्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर प्रकल्पाचे डिझायनर ताकेओ सुझुकी यांनी व्हिडिओंमधून वेळोवेळी प्रगती सांगितली. निवृत्त अभियंत्यांकडून जुने ज्ञान तरुणांनी समजून घेतले, आणि जून २०२४ मध्ये हाताने रोल पुढे सरकवण्याची कळ असलेला पेन्टॅक्स १७ आला. लक्षात घ्या, लोकांशी बोलणारा माणूस येथेही प्रचारक नव्हता. तो कॅमेरा घडवणाऱ्यांपैकीच एक होता.

आता नोकऱ्यांविषयी. जगात फिल्म बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि प्रत्येकीत अशा जागा अगदी थोड्या असतात. त्या मॉबर्ली, रॉचेस्टर, टोकियो, बर्लिन, व्हिएन्ना अशा ठिकाणी असल्याने व्हिसाचा प्रश्नही येतो. आपल्याकडे उटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी ‘इंदू’ या नावाने फिल्म विकत असे. ती बंद पडली. म्हणून केवळ या एका जागेवर आयुष्य बेतणे योग्य नाही. परंतु या कामासाठी जे कौशल्य लागते, म्हणजे रासायनिक उत्पादन समजून घेऊन ते वापरणाऱ्याला नेमक्या शब्दांत समजावणे, त्याला रंग, छपाईची शाई, चिकट द्रव्ये आणि औषधांवरील आवरणे बनवणाऱ्या उद्योगांत तांत्रिक साहाय्य व तांत्रिक लेखन या विभागांत मागणी असते. मुंबईत माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीमध्ये पॉलिमर व पृष्ठभाग अभियांत्रिकीचा विभाग आहे. तेथील पदव्युत्तर पर्याय तिने आतापासून पाहून ठेवावेत. फिल्म या वस्तूवरच तिचे प्रेम असेल, तर जतनाचे क्षेत्रही आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन चित्रपट जतनाच्या कार्यशाळा घेते. परदेशी शिक्षणाचा विचार पदवीनंतर आणि शिष्यवृत्ती मिळत असेल तरच करावा.

तिच्या लेखनाबाबत एक सूचना करतो. फिल्मच्या माहितीपत्रकातील डेव्हलपिंगच्या मुख्य वेळा साधारणपणे २० अंश सेल्सिअस तापमानासाठी दिलेल्या असतात. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत नळाचे पाणीच त्याहून बरेच गरम असते. तापमान वाढले की वेळ कमी करावी लागते, आणि ती पाच मिनिटांच्या खाली गेली की फिल्म असमान धुतली जाण्याचा धोका असतो. डेव्हलपर अधिक पातळ करून ही वेळ पुन्हा वाढवता येते का, याच्या पद्धतशीर चाचण्या तिने एकाच फिल्मवर आणि एकाच डेव्हलपरमध्ये घ्याव्यात. तापमान, प्रमाण, वेळ आणि टाकी हलवण्याची पद्धत यांची नोंद ठेवावी, फसलेल्या पट्ट्याही दाखवाव्यात आणि निष्कर्ष मराठीत व इंग्रजीत लिहावेत. उष्ण प्रदेशात घरी रोल धुणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडतील, आणि नोकरीसाठी अर्ज करताना अनुयायांच्या संख्येपेक्षा हे काम अधिक बोलेल. कोणी फुकट फिल्म देऊन लिहायला सांगितले, तर ते लेखात स्पष्ट नमूद करावे. भारतीय जाहिरात मानक परिषदेची २०२१ पासूनची मार्गदर्शक तत्त्वेही तेच सांगतात.

डिजिटल मार्केटिंगचा कोर्स तिला हवाच असेल, तर तो सुट्टीत, पदवी चालू ठेवून करता येईल. छंदाच्या खर्चाची मासिक मर्यादा तिच्याशी बसून ठरवा, पण कॅमेरा बंद करायला लावू नका. तिसऱ्या वर्षी तिला आयआयटीतील एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देता येईल. तिचे अर्ज बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, त्यामुळे भौतिक रसायनशास्त्राची उजळणी तिने याच वर्षी सुरू करावी.

आपला,
करिअर समुपदेशक