घोडीवर सहा खोगिरे

एका वाचकाने सुटे भाग मागवून स्वतः इलेक्ट्रिक गिटार जोडली. फेंडर कंपनीच्या टेलीकास्टर पद्धतीची, जुन्या वळणाचा तीन सॅडलांचा ब्रिज असलेली. ब्रिज म्हणजे तारांना खालून आधार देणारा तुकडा, आणि सॅडल म्हणजे त्यावरचे छोटे सरकते ठोकळे. पुढे तो ब्रिज काढून त्यांनी सहा सॅडलांचा बसवला आणि ही हकिगत मराठीत लिहून मित्रांना वाचायला दिली. त्यातले एक वाक्य असे: 'जुना पूल काढून मी बदली पूल बसवला, पण पुलाखालची तार तुटल्यामुळे गुणगुण सुरू झाली.' मित्र हसले. एकाने विचारले, कुठल्या नदीवरचा? आता ते विचारतात की ब्रिजला मराठी शब्द आहे का, की मुकाट्याने ब्रिजच म्हणावे?

शब्द आहे आणि रोजच्या वापरात आहे: घोडी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन 'तंबोऱ्याचा पूल दाखवा' म्हणालात तर कुणाला काही कळणार नाही. 'घोडी दाखवा' म्हणालात तर हाडाची हवी की शिसवीची, असा उलटा प्रश्न येईल. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिरांच्या तोंडी असलेली ही परिभाषा मात्र आपण गिटार हातात घेतली की विसरतो. तंबोरा, सतार, व्हायोलिन या सगळ्यांवर तारांना खालून आधार देणारा जो तुकडा असतो ती घोडी. गिटारवरचा तुकडा तेच काम करतो. मग गिटारचीही घोडीच.

घोडीच का? पाठीवर ओझे घेऊन पाय रोवून उभी राहते म्हणून. व्हायोलिनची घोडी पाहिली तर हे लगेच पटते, तिला खरोखरच दोन पाय असतात. आणि ही कल्पना आपल्या एकट्याची नाही. फ्रेंचमध्ये याच तुकड्याला शव्हाले म्हणतात, म्हणजे छोटा घोडा. ज्या पोर्तुगिजांनी गोव्यात व्हायोलिन आणले त्यांच्या भाषेत तो काव्हालेते, त्याच कुळातला. अरबी ऊदवर फरस असतो, म्हणजे घोडाच. जपानी शामिसेनवर कोमा, म्हणजे शिंगरू. रशियन कोबिल्का तर शब्दशः छोटी घोडी. फारसीने तेवढा मान दिलेला नाही, तिथे तो खरक, म्हणजे गाढवू! पूल पाहणारे इंग्रज, इटालियन आणि जर्मन. त्यातही जर्मनांचा श्टेग म्हणजे ओढ्यावर टाकलेली फळी, साकव म्हणा ना. अर्धे जग जिथे घोडा पाहते आणि आपणही तोच पाहतो, तिथे इंग्रजीच्या पुलावरून जाण्याचे काही कारण मला दिसत नाही.

खरी मजा पुढे आहे. घोडीवर तारांखाली जो छोटा सरकता ठोकळा असतो, त्याला इंग्रजीत सॅडल म्हणतात, म्हणजे खोगीर. आता विचार करा, पुलावर खोगीर कोण घालतो? इंग्रजीत ही दोन रूपके एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, शेजारी राहून अनोळखी. मराठीत मात्र घोडी आणि खोगीर एकाच तबेल्यातली. तुमच्या जुन्या ब्रिजवर तीन खोगिरे आणि सहा तारा होत्या, म्हणजे प्रत्येक खोगिरावर दोन स्वार, डबलसीट. नव्या घोडीवर प्रत्येकाला स्वतंत्र बैठक. तुम्ही ब्रिज का बदललात हे या एका चित्रात सांगून होते. दुरुस्तीच्या दुकानात खोगीर म्हणायला जाऊ नका, तिथे सॅडलच चालते आणि चालू द्यावे. लिहिताना एकदा 'सॅडल, म्हणजे खोगीर' असे सांगून पुढे सॅडल लिहिले तरी हरकत नाही. नुसती शब्दांची खोगीरभरती नको.

जवारी हा शब्द मात्र इथे वापरू नका. तुमच्या एका मित्राने तो सुचवला, असे तुम्ही लिहिले आहे. जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याला घासून दिलेला तो अगदी हलका उतार, ज्यावर तार जाता-जाता घासते आणि तंबोऱ्याचा तो भरलेला, झणझणता नाद निघतो. जवारी काढणे, जवारी उघडणे ही वेगळीच विद्या आहे. गिटारवाल्याला अशी झणझण नकोच असते. खोगीर फार खाली घेतले आणि तार पडद्याला, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीला (फ्रेटला), लागून झणझणायला लागली की तो स्क्रू फिरवून ते वर घेतो. एकाचा अलंकार, दुसऱ्याचा दोष.

पडद्यांचा विषय निघालाच आहे तर इंटोनेशनचे, म्हणजे प्रत्येक पडद्यावर सूर नेमका लागण्याचे, बोलू, कारण याला प्रतिशब्द काय असेही तुम्ही विचारले आहे. एका शब्दात नाही. पण गोष्ट आपल्याला परकी नाही. सतारीचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. स्वर हलला की वादक पडदा सरकवतो. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले, ते जागचे हलत नाहीत. म्हणून सरकण्याचे काम खोगिराकडे आले. टेलीकास्टरवर अटीपासून, म्हणजे वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीपासून, खोगिरापर्यंत तारेची वाजती लांबी ६४८ मिमी धरतात, आणि बारावा पडदा बरोबर तिच्या निम्म्यावर, ३२४ मिमीवर. पण तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. जाड, ताठ तारांचा जास्त. म्हणून खोगिरे मागे सरकवून ती चढण भरून काढावी लागते, आणि सगळे जुळल्यावर ती एका सरळ रेषेत नव्हे, मागेपुढे तिरपी उभी दिसतात. पारख सोपी आहे: बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून वाजवा, मग दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर खोगीर मागे, उतरलेला आला तर पुढे. चढा आणि उतरलेला हे शब्द गाणाऱ्यांच्या तोंडी आहेतच, तेच वापरा. 'शार्प जातो', 'फ्लॅट जातो' कशाला? आणि या सगळ्या क्रियेला 'खोगिरे मिळवणे' म्हणायला माझी ना नाही, पडदे मिळवतात तसे.

आता तुमच्या वाक्यातली खरी अडचण. ती पूल नव्हे, तार आहे. 'पुलाखालची तार तुटली' वाचून मलाही आधी वाटले की वाजवायची तार तुटली. तुम्हाला म्हणायची होती घोडीच्या प्लेटखाली दाबलेली ती बारीक अर्थिंगची वायर. मराठीत तार म्हणजे स्ट्रिंगही, धातूची कुठलीही तारही, आणि एके काळी पोस्टाने येणारी तारही. इलेक्ट्रिक गिटारवर यातल्या दोन एका इंचाच्या अंतरात नांदतात. तेव्हा सरळ फाळणी करा: वाजते ती तार, वीज वाहते ती वायर. वायर हा शब्द आपल्या वायरमनइतकाच मराठी झाला आहे.

ही वायर सुटली की काय होते ते मी स्वतः भोगले आहे. माझ्या गिटारला नवी घोडी बसवली तेव्हा विकणाऱ्याने बाहेरच्या दोन तारांमधले अंतर ५४ मिमी सांगितले होते. आली ती ५२.५ ची. स्क्रूची भोकेही जुळेनात. जुन्या भोकांत दातकोरण्या आणि फेव्हिकॉल भरून, रात्रभर वाळवून नवी पाडली, आणि त्या गडबडीत वायरचे टोक प्लेटखाली न येता बाजूला राहिले. अँप लावला तर घूंऽऽ. घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा त्रास आपले शरीर उचलते आणि पिकअपच्या, म्हणजे तारांचे कंपन विजेत उतरवणाऱ्या भागाच्या, आसपास नेऊन सोडते. तारांना अर्थिंग असले आणि त्यांना हात लागला की तो बराच शमतो. माझ्या तारांना हात लावून काहीच फरक पडेना, तेव्हा उलगडा झाला. पुन्हा सगळे स्क्रू काढले. या आवाजाला गुणगुण म्हणू नका. गुणगुण माणसाची किंवा भुंग्याची, आणि दोन्ही ऐकवतात. हा घूं.

'बदली' हा शब्दही खटकतो. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार म्हणजे दुसरा रजेवर असेपर्यंत आलेला असे. बदली घोडी म्हटले की मूळ घोडी परत येणार असे वाटते. नुसते 'नवी घोडी' पुरते.

ज्यांची गिटार स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची आहे त्यांच्यासाठी एक सावधगिरी. तिच्या घोडीला हलवायचा दांडा असतो. त्याला दांडी म्हणू नका, कारण वाद्याची दांडी म्हणजे जिच्यावर पडदे असतात ती. आणि फेंडरने १९५४ मध्ये या यंत्रणेला ट्रेमोलो म्हटले तेच मुळात उलटे होते: ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणे, सूर खालीवर होतो तो व्हायब्रॅटो. तेव्हा शब्द चुकले म्हणून फार लाजू नका, कारखानदारही चुकतात.

लिंगाचे एक राहिले. ब्रिज पुल्लिंगी, घोडी स्त्रीलिंगी. शब्द बदलला की क्रियापदही बदलावे लागेल. तुमचे वाक्य मी असे लिहीन: 'जुनी घोडी काढून नवी बसवली, पण तिच्याखालची अर्थिंगची वायर तुटली आणि अँपमधून घूं सुरू झाले.' सुटा भाग मागवताना मात्र पावतीवर ब्रिजच लिहा, नाहीतर काय घरी येईल सांगता येत नाही.