‘गेहाइमर रेफरेंडार’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : युस्टुस म्यॉझर (1720-1794) या जर्मन वकिलाचं छोटं चरित्र मराठीत लिहिताना त्याच्या दोन पदांना काय म्हणायचं? 1747 मध्ये तो ओस्नाब्र्युक या जर्मन संस्थानाचा ‘ॲडव्होकाटुस पात्रिए’ झाला आणि 1768 मध्ये ‘गेहाइमर रेफरेंडार’. प्रश्नकर्त्यांनी ‘सरकारी वकील’ आणि ‘गुप्त सचिव’ असे शब्द सुचवले आहेत.

‘गुप्त सचिव’ तर नकोच. वाचणाऱ्याला तो हेरखात्यातला वाटेल. ‘गेहाइम’चा आजचा अर्थ गुप्त असला, तरी त्या काळच्या पदनामांत तो राजाच्या खास विश्वासातला, इतकाच असे. ‘रेफरेंडार’ही शब्दकोशात पाहू नका. आज जर्मनीत कायद्याची पहिली परीक्षा देऊन उमेदवारी करणाऱ्याला रेफरेंडार म्हणतात. म्यॉझर कागदपत्रं अभ्यासून वरच्यांपुढे प्रकरण मांडत असे, आपलं मत देत असे, आणि बहुतेक वेळा तेच चालत असे.

इथे परिस्थिती सांगायलाच हवी, नाहीतर शब्द अधांतरी राहील. ओस्नाब्र्युक हे बिशपचं संस्थान, म्हणजे बिशप हाच तिथला राज्यकर्ता. वेस्टफालियाच्या 1648 च्या तहानंतर तिथे आलटून पालटून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बिशप येत. 1764 मध्ये प्रोटेस्टंटांची पाळी आली, तेव्हा निवड झाली इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जच्या मुलाची, फ्रेडरिकची. वय सहा महिने! बाप लंडनमध्ये, गादीवर तान्हं मूल, वर नावाला दोन मंत्री, आणि प्रत्यक्ष गाडा हाकणारा म्यॉझर. हे 1783 पर्यंत चाललं. चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली ती 1774 मध्ये, म्हणजे याच काळात. तेव्हा ‘कारभारी’ हा शब्द आपल्याकडे तयारच आहे. नाना फडणवीसांइतकी सत्ता म्यॉझरकडे नव्हती, लंडनची संमती लागे. म्हणून मी ‘खास कारभारी’ लिहून पहिल्या वेळी मूळ पदनाम शेजारी देईन.

‘ॲडव्होकाटुस पात्रिए’चं काम संस्थानाच्या हक्कांसाठी दाव्यांत उभं राहण्याचं. ‘सरकारी वकील’ म्हटलं की आपल्याला खून-दरोड्याचे खटले आठवतात. कामाने ‘महाधिवक्ता’ जवळचा, पण एवढ्याशा संस्थानाला तो फार भारदस्त. मी ‘संस्थानाचा वकील’ म्हणेन. गंमत म्हणजे ‘वकील’चा जुना अर्थही म्यॉझरला लागू पडतो. दिल्ली दरबारी हिंगणे पेशव्यांचे वकील होते ते कोर्टात उभे राहणारे नव्हेत, मालकाच्या वतीने बोलणी करणारे. म्यॉझरही 1763 च्या अखेरीस सप्तवार्षिक युद्धातले पैशाचे व्यवहार मिटवायला लंडनला गेला होता.

एक अडचण मात्र उरते. तो सरकारचा माणूस होता आणि त्याच वेळी संस्थानातल्या सरदारवर्गाचाही ‘सिंडिकुस’, म्हणजे कायद्याचा सल्लागार. दोन्हीकडे ‘वकील’ लिहिलंत तर वाचक गोंधळेल. सिंडिकुसला ‘सरदारांचा कायदे सल्लागार’ असं सरळ लिहा.