रिसेट नंतर मारा, आधी सिम काढा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासवडजवळ राहणाऱ्या तुमच्या बाबांना काल दुपारी मामांच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ ई-चलान' नावाची फाइल आली. त्यांनी ती उघडली, 'अपडेट करा' आलं तेही दाबलं, आणि संध्याकाळपर्यंत खात्यातून दोन व्यवहारांत ४८ हजार गेले. गावातला दुकानदार म्हणतोय, रिसेट मारून देतो, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून तो नव्यासारखा करून देतो. तुम्ही विचारताय की रिसेट पुरेल का, पैसे परत येतील का आणि बाबांना आता बटणाचा फोन द्यावा का.

१९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लावलीय का हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. लावली नसेल तर पुढचं नंतर वाचा. बाबांचा खाते क्रमांक, बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवून लावा. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका आणि फोनही लावत राहा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या अशा, चोरांनी दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पळत असतात. तक्रार पोचली की त्या साखळीत जिथे जेवढे सापडतील तेवढे गोठवले जातात. एटीएममधून रोख निघाली की मग अवघड. काल संध्याकाळची गोष्ट आहे, म्हणजे उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही.

आता रिसेटचं. मी चौदा वर्षं मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, आणि तुमच्या दुकानदाराला नावं ठेवायचा मला अधिकार नाही, कारण मीही तेच केलंय. तीन वर्षांपूर्वी एक शेतकरी असाच फोन घेऊन आला. मी हुशारीत लगेच रिसेट मारला, वर चहा पाजला. तासभर त्यात गेला. त्या तासात त्याच्या खात्यातून अजून एक व्यवहार झाला, कारण चोराला मेसेज दिसायचे थांबले तरी त्याचं कार्ड चालूच होतं आणि कार्डाची माहिती आधीच बाहेर गेली होती. पोलिसांनी ती फाइल मागितली तेव्हा दाखवायला काही उरलं नव्हतं. आणि सगळ्यात कडी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप परत घेतल्यावर तीच फाइल पुन्हा समोर आली आणि त्याच्या मुलाने 'हे काय आहे' म्हणून दाबली!

म्हणून माझ्याकडे क्रम असा आहे. फोनचं वायफाय आणि डेटा बंद. सिम काढून एखाद्या साध्या बटणाच्या फोनमध्ये टाका, म्हणजे बँकेचे मेसेज येत राहतील पण चोराला दिसणार नाहीत. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला लावून डेबिट कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग तिन्ही बंद करायला सांगा. हेल्पलाइनचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, गुगलवर शोधून नको. तिथे खोटे नंबरही पेरलेले असतात. एवढं झालं की शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोचीवर शिक्का घ्या. रिसेट त्यानंतर, तोही तपास करणाऱ्याला विचारून.

तोपर्यंत ती चॅट पुसू नका. दुसऱ्या फोनने स्क्रीनचे फोटो काढा. फाइल मात्र पुरावा म्हणून कुणाला फॉरवर्ड करू नका. मला सुद्धा नको.

ही फाइल करते काय, ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. नावाच्या शेवटी एपीके असतं, म्हणजे ते कागदपत्र नाही, अ‍ॅप आहे. पहिलं अ‍ॅप नुसतं दार उघडतं. 'अपडेट' म्हणून जे बसतं ते दुसरं, आणि त्याचं चिन्ह बऱ्याचदा स्क्रीनवर दिसतच नाही. त्याला मुख्यतः दोन परवानग्या हव्या असतात: एसएमएस वाचायची आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची. अ‍ॅक्सेसिबिलिटी ही खरं तर दिसत-ऐकत नसलेल्यांसाठीची सोय आहे. ती मिळाली की अ‍ॅप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि स्वतः बटणंही दाबू शकतं. बाबांनी 'ओके' दाबलं असेल ते बहुतेक इथेच.

पण नुसत्या ओटीपीने यूपीआयमधून पैसे जात नाहीत, पिन लागतो. म्हणून या अ‍ॅपमध्ये 'चलान भरण्यासाठी १ रुपया' असं खोटं पान येतं आणि त्यात कार्डाचा नंबर, मुदत, कधी थेट पिन विचारतात. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदत आणि ओटीपी एवढ्यावर बऱ्याचदा नवा यूपीआय पिन लावता येतो. ओटीपी तर चोर वाचतोच आहे. बाबांना शांतपणे विचारा, असं काही पान भरलं होतं का. भरलं असेल तर ते लपवतील, लाजेपोटी. माझ्या दुकानात लोक दहावेळा 'मी काहीच केलं नाही' म्हणतात आणि चहा अर्धा झाल्यावर खरं सांगतात.

पैसे परत मिळण्याबद्दल. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही, असं ते सांगतं. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकली आहे. शाखेतला माणूस पहिल्याच वाक्यात म्हणेल, 'ओटीपी तुम्हीच दिला असणार.' अर्जात 'आमची चूक झाली' असं लिहून देऊ नका, खोटंही लिहू नका. जे घडलं ते वेळेसह लिहा: फाइल आली, उघडली, ओटीपी कुणाला तोंडी सांगितलेला नाही, अमुक वाजता पैसे गेले, अमुक वाजता कळवलं. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत. साखळीत गोठवलेली रक्कम सापडली तर ती सुटायला पोलिसांच्या आणि बऱ्याचदा कोर्टाच्या कागदांतून जावं लागतं, महिने लागू शकतात. खोटी आशा दाखवत नाही. मात्र मधल्या काळात 'सायबर सेलमधून बोलतोय, थोडी फी भरा, पैसे सोडवून देतो' असा फोन आला तर तो दुसरा चोर समजा. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.

फोन साफ करताना तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर सेफ मोडमध्ये चालू करा, तिथे बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. सेटिंगमधली अ‍ॅप्सची पूर्ण यादी बघा, बिननावाचं किंवा गुगलसारखं नाव लावलेलं काही दिसतंय का. डिव्हाइस अ‍ॅडमिन (अ‍ॅपला फोनवर जादा ताबा देणारी सेटिंग) आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीतून त्याला आधी काढा, मगच ते अनइन्स्टॉल होईल. पण पैसे गेलेल्या फोनला मी शेवटी रिसेटच सुचवतो, आणि बॅकअप घेताना फक्त फोटो आणि नंबर. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइस, म्हणजे त्याला जोडलेले दुसरे फोन-कॉम्प्युटर, बघून अनोळखी काढा आणि टू-स्टेप पिन लावा. कॉल सेटिंगमध्ये कॉल दुसरीकडे वळवलेत का तेही बघा.

बटणाचा फोन? मला विचाराल तर नको. बाबा आताच्या फोनवर नातवंडांना बघतात, बाजारभाव बघतात. त्यापेक्षा यूपीआयला पाच-सात हजार असतील असं वेगळं खातं जोडा, आणि मुख्य खात्यावरचं यूपीआय व नेट बँकिंग बंदच ठेवा. ठेवी मोबाईलवरून मोडता येणार नाहीत असं शाखेत सांगून बघा. व्हॉट्सअ‍ॅपला 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल' ही परवानगी असेल तर ती काढा. खरं चलान व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके होऊन येत नाही. 'परिवहन' या सरकारी साइटवर किंवा राज्य वाहतूक पोलिसांच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून ते बघता येतं.

आणि एक राहिलंच. फाइल मामांच्या नंबरवरून आली, म्हणजे मामांचाही फोन गेलाय, किंवा त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच्या हातात आहे. आत्ता ते आणखी किती जणांना चलान पाठवतंय कुणास ठाऊक, आणि त्यांना स्वतःला पत्ताही नसेल. त्यांना आज फोन करा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, साधा कॉल.